बांधावरील कपाशीचे भाऊबंद

गेल्या वैशाखांत गेवराई तालुक्यांत गंगथडीच्या एका गांवीं जाण्याचा आम्हांस योग आला. आमचे यजमान आपल्या मंडळाचे जुने सभासद. त्यांच्या काळ्या रानांत मागील हंगामीं कपाशी होती. नांगरट होऊन ढेकळें उन्हांत तापत पडलीं होतीं आणि उपटलेल्या पऱ्हाट्या बांधाला रचून ठेविल्या होत्या. सारें शिवार करपलेलें असतां विहिरीच्या कांठीं मात्र छातीइतकें एक झुडूप हिरवेंगार उभें होतें. यजमानांनीं त्याचें एक चक्राकार फळ तोडून आमच्या हातावर ठेविलें व म्हटलें, "ही आमची पेटारी. आमची आई हिच्या मुळाचा काढा करीत असे. आतां थोरला मुलगा म्हणतो कीं, हिच्यामुळेंच कपाशीवर पिठ्या ढेकूण येतो, उपटून टाका. तुम्हीच सांगा, काढूं कीं ठेवूं?"

प्रश्न साधा दिसला, पण त्याचें उत्तर आम्हांस जागच्या जागीं देतां आलें नाहीं. आधीं झुडूप नीट पाहावें लागलें. त्यांत काय पाहिलें व शेवटीं काय सांगितलें, तें पुढें येईलच. परंतु हा प्रश्न एकट्या त्या सभासदांचा नाहीं. गेवराई, माजलगांव, वडवणी, धारूर या भागांतील कितीतरी घरांचें वर्षाचें गणित कपाशीवर बसतें. कपाशीचे वैरी आपण थोडेबहुत ओळखतों. तिचें गणगोत ओळखणारे मात्र फार थोडे. भाऊबंदकी काय असते, हें शेतकऱ्यास दुसऱ्यानें सांगावयास नको. ज्या घराण्यांतून दावा लावणारा निघतो, त्याच घराण्यांतून अडल्या वेळीं धांवून येणाराहि निघतो. कपाशीच्या कुळाचीहि तीच स्थिति आहे. म्हणून या लेखांत आम्ही त्या कुळांतील रानटी झाडें ओळखावीं कशीं, व ओळखल्यावर कोणतें काढावें आणि कोणतें राखावें, हें सांगण्याचें योजिलें आहे.

कूळ कोणतें?

कपाशी, भेंडी, अंबाडी व दारची जास्वंद हीं सर्व एका कुळांतलीं. शास्त्रांत या कुळास 'माल्व्हेसी' व मराठींत 'भेंडी कुल' म्हणतात. १९९८ पासून शास्त्रज्ञांनीं जी नवी मांडणी स्वीकारली, तींत सावर, मुरुडशेंग व धामण हींहि याच मोठ्या कुळांत घातलीं आहेत. परंतु आपल्या कामापुरतें कपाशी व भेंडी यांच्या निकटच्या नातलगांकडे लक्ष दिलें म्हणजे पुरे.

या वनस्पतींची आपल्या भागांतील नोंद होण्यास बराच उशीर लागला. थिओडोर कुक यांनीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला. पण बीड जिल्हा त्या वेळीं निजामाच्या हैदराबाद संस्थानांत असल्यामुळें त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिला. मराठवाड्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ वि. ना. नाईक यांनीं १९९८ सालीं दोन भागांत काढला. ज्यांस खोलांत जावयाचें असेल त्यांनीं तो अवश्य पाहावा. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास मात्र ग्रंथावांचूनहि पुष्कळ ओळखतां येतें. त्यासाठीं हाताचें नख व दहा-वीस रुपयांचें एक भिंग एवढी सामग्री पुरते.

पांच परीक्षा

पहिली परीक्षा चिकाची. पान तळहातावर चुरून त्यावर थोडें पाणी घालावें. या कुळांतील झाड असेल तर पाणी बुळबुळीत होतें. चिरलेल्या भेंडीची तार ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस याहून अधिक सांगणें नको.

दुसरी परीक्षा सालीची. फांदीची साल ओढावी, म्हणजे ती तुटून न येतां लांब दोऱ्यासारखी सोलून येते. अंबाडीचे दोर याच गुणामुळें होतात. परंतु या एका परीक्षेवर भरंवसा ठेवूं नये. हिरवळीच्या खतासाठीं आपण पेरतों तो ताग शेंगवर्गीय असूनहि त्याची साल अशीच निघते.

तिसरी परीक्षा लवेची. पानाची मागची बाजू भिंगाखालीं धरावी. या कुळांतील बहुतेक झाडांची लव एकेरी केसासारखी नसून एका बुंध्यांतून चार-सहा केस फुटल्यासारखी, चांदणीच्या आकाराची दिसते. ही खूण एकदां नजरेंत भरली कीं कायमची लक्षांत राहते.

चौथी परीक्षा फुलाची, व हीच सर्वांत खात्रीची. पाकळ्या पांच असतात आणि कळींत त्या एकमेकींवर पीळ दिल्यासारख्या गुंडाळलेल्या असतात. फुलाच्या मध्यभागीं सर्व पुंकेसर एकत्र जुळून त्यांची एक नळी झालेली असते व त्या नळींतून स्त्रीकेसराचीं टोकें बाहेर डोकावतात. जास्वंदीचा लांब दांडा म्हणजे हीच नळी. तरवडाचीं पिवळीं फुलें किंवा गोखरूचीं फुलें लांबून पाहणाऱ्यास फसवितात. परंतु त्यांत पुंकेसर सुटे असतात, नळी नसते. एवढें पाहिलें तरी निम्मे घोटाळे मिटतात.

पांचवी परीक्षा कुळाची नव्हे, तर कुळांतील घर ओळखण्याची. फुलाखालच्या हिरव्या पुंजाच्याहि खालीं आणखी एक हिरवें कडें आहे कीं नाहीं, तें पाहावें. कपाशीस तीन मोठ्या दांतेरी पानांचें असें कडें असतें, भेंडी व अंबाडीस अरुंद पात्यांचें असतें. पेटारी व चिकणा यांस मुळींच नसतें. मग फळ पाहावें. कपाशी व भेंडी यांचें फळ म्हणजे बोंड. तें वाळल्यावर उभें तडकतें व बीं आंतून बाहेर पडतें. पेटारी व चिकणा यांचें फळ तडकत नाहीं, तर लिंबाच्या फोडींप्रमाणें त्याचे भाग सुटे होतात. ज्याला बोंड तो एक गट व ज्याला फोडी तो दुसरा, असें मनांत धरलें म्हणजे पुढील ओळख सोपी जाते.

फोडींच्या गटांतील झाडें

पेटारी, जिला मुद्रा असेंहि म्हणतात, ती वैद्यकांतील अतिबला होय. शास्त्रीय नांव अब्युटिलॉन इंडिकम्. झुडूप कमरेपासून पुरुषभर वाढतें. पानें हृदयाच्या आकाराचीं, करड्या हिरव्या रंगाचीं व मखमलीसारखीं मऊ असतात. फुलें नारिंगी झांक असलेलीं पिवळीं व एकेकटीं, लांब देंठावर येतात. दिवस कलल्यावर तीं उमलतात, म्हणून सकाळीं पाहणाऱ्यास झुडपावर फूल नाहीं असेंच वाटतें. फळ पंधरा-वीस फोडींचें, दांतेरी चक्रासारखें असतें. लहान मुलें तें शाईंत बुडवून शिक्के मारतात. मुद्रा हें नांव त्या आकारास शोभतेंच.

चिकणा हें नांव आपल्याकडे एकाच झाडास न देतां सिडा या वंशांतील तीन-चार झाडांस देतात. येथेंच मुळ्या गोळा करणाऱ्यांची व विकत घेणाऱ्यांची फसगत होते. हृदयाकार, दोन्ही बाजूंस मऊ लव असलेलें पान व प्रत्येक फोडीला दोन लांब कुसें असतील तर ती सिडा कॉर्डिफोलिया, म्हणजे वैद्यांची बला. पान अरुंद, टोकदार व कडेला करवतीसारखें असेल तर ती सिडा अक्यूटा, म्हणजे तुपकडी. हिच्या चिवट काटक्यांचे झाडू करतात. पान मध्यें रुंद व देंठाकडे निमुळतें, शंकरपाळ्याच्या आकाराचें असेल तर ती सिडा ऱ्हॉम्बिफोलिया, म्हणजे महाबला. तिघींचीं फुलें लहान व फिकट पिवळीं, आणि बाहेरचें कडें कोणासच नाहीं.

चौथें झाड या तिघींत सहज मिसळून जातें. तें मालवास्ट्रम्. आपले लोक त्यालाहि चिकणाच म्हणतात. याच्या शास्त्रीय नांवांत कोरोमंडलचा उल्लेख असला तरी मूळचें तें अमेरिकेंतलें आहे. फूल उलटें करून पाहिलें कीं हिरव्या पुंजाखालीं तीन बारीक पातीं दिसतात. चिकण्यास तीं कधींच नसतात. शिवाय याच्या खोडावरील लव अंगाशीं चिकटून निजलेली असते.

बोंडाच्या गटांतील झाडें

रानभेंडी आपल्या काळ्या जमिनींत खरिपांत आपोआप उगवते. खोड खरखरीत, फूल पांढरट व आंत गडद जांभळा डाग, बोंड आखूड व पांच धारांचें. ही अबेलमॉस्कस फिकुल्नियस. हिची पिवळ्या मोठ्या फुलांची दुसरी बहीण, अबेलमॉस्कस टेट्राफायलस, राज्याच्या डोंगरउतारांवर आढळते. भेंडीवर्गाची पक्की खूण अशी कीं, फुलाचा हिरवा पुंज एका बाजूनें फाटतो व फुलाबरोबरच गळून पडतो. अंबाडीचा हिरवा पुंज मात्र गळत नाहीं. तो बोंडाभोंवतीं शेवटपर्यंत राहतो. बांधावर आपोआप आलेली अंबाडी व रानभेंडी यांतील भेद याच खुणेनें होतो.

देवळाच्या आवारांत किंवा परसांत वातींसाठीं लाविलेला देवकापूस हा रानटी नव्हे, पण त्याचा उल्लेख येथें अवश्य केला पाहिजे. तो बहुवर्षायु असून त्यावर शेतांत कपाशी नसतांनाहि बोंडें असतात. त्याचें महत्त्व पुढें कळून येईल.

वैऱ्याला आसरा देणारे

कपाशीच्या कांहीं किडी इतर कुळांकडे फारशा फिरकत नाहींत. त्यांचें पोट याच कुळावर भरतें. तांबडा ढेकूण व करडा ढेकूण, ज्यांमुळें रुईला डाग पडतात, ते मुख्यतः याच कुळाच्या बियांवर जगतात. ठिपक्यांची बोंडअळी भेंडींतून कपाशींत व कपाशींतून भेंडींत जा-ये करते, आणि पेटारीवरहि आढळते. पिठ्या ढेकणाचा प्रकार निराळा आहे. तो अनेक कुळांवर राहतो. २००५ नंतरच्या कांहीं हंगामांत भारतांतील कपाशीवर त्यानें जो धुमाकूळ घातला, तेव्हां बांधावरील पेटारी, चिकणा व गाजरगवत हीं त्याचीं मुक्कामाचीं ठिकाणें असल्याचें दिसून आलें. उन्हाळ्यांत शेत मोकळें असतें, पण विहिरीकांठची पेटारी हिरवी असते. कीड तेथें उन्हाळा काढते व मृगाच्या पावसानंतर नव्या कपाशीवर उतरते.

मुलाचें म्हणणें म्हणून अगदींच चुकीचें नव्हतें. परंतु तें अर्धेंच खरें होतें.

पिठ्या ढेकणाचा नाश करणारा एक अगदीं लहान गांधीलमाशीसारखा कीटक आहे. एनासियस हें त्याचें नांव. त्याची मादी ढेकणाच्या शरीरांत अंडें घालते व अळी त्यास आंतून खाऊन टाकते. अशा ढेकणावरील पांढरें पीठ जातें व तो फुगून तांबूस-तपकिरी, कडक कवचासारखा होतो. बांधावरील ज्या पेटारीवर ढेकूण राहतो, तीवरच त्याचा हा शत्रूहि वाढतो. झुडूप न पाहतां जाळणारा शेतकरी वैऱ्याबरोबर आपला कैवारीहि जाळतो.

भेंडीच्या हळद्या रोगाविषयींहि असाच विवेक हवा. हा रोग विषाणूचा असून पांढरी माशी त्याचा प्रसार करते. मालवास्ट्रम् व चिकणा यांच्या पानांवरहि पिवळ्या शिरांचें जाळें पुष्कळदां दिसतें. तो पिवळेपणा प्रत्येक वेळीं भेंडीच्याच विषाणूचा असतो असें नाहीं. परंतु भेंडीच्या वाफ्याला लागून अशीं झाडें ठेवणें शहाणपणाचें नव्हे, कारण पांढरी माशी तेथेंहि वाढते.

शेंदरी अळीबद्दल एक इशारा

गुलाबी किंवा शेंदरी बोंडअळी ही कांहीं कालची कीड नव्हे. भारतांतील कपाशीवर सांपडलेल्या नमुन्यांवरून तिचें शास्त्रीय वर्णन १८४३ सालींच झालें होतें. २००२ सालीं बीटी कपाशीस व २००६ सालीं तिच्या दोन जनुकांच्या वाणास परवानगी मिळाल्यावर कांहीं वर्षें ही अळी विसरल्यासारखी झाली. २०१० सालीं गुजरातेंत तिनें पहिल्या बीटीस दाद न दिल्याचें जाहीर झालें, आणि २०१७ च्या खरिपांत महाराष्ट्रभर बोंडें किडलीं तेव्हां आपला जिल्हाहि त्यांतून सुटला नाहीं.

ही अळी भेंडी, अंबाडी व या कुळांतील इतर कांहीं झाडांवर आढळते हें खरें. परंतु तिचें खरें माहेर कपाशीच. फरदडीच्या लोभानें फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेविलेली कपाशी, सरपणासाठीं किडक्या बोंडांसह रचलेल्या पऱ्हाट्या, जिनिंगच्या आवारांतील सरकी व परसांतील देवकापूस, हीं तिचीं मुक्कामाचीं ठिकाणें. तेव्हां बांधावरची पेटारी उपटून ज्यांनीं पऱ्हाट्यांचा ढीग तसाच ठेविला, त्यांनीं चोराच्या पाहुण्यास हांकलून चोरास घरांत निजविलें, असेंच म्हणावें लागेल. आमच्या यजमानांचा ढीगहि त्याच बांधाला होता, व तें आम्हीं त्यांस तेथेंच स्पष्ट सांगितलें.

अडल्या वेळीं धांवून आलेले

आतां दुसरी बाजू. पुसा सावनी ही भेंडीची जात एके काळीं हळद्यास दाद देत नाहीं म्हणून देशभर गाजली; पुढें तीच रोगास बळी पडूं लागली. तेव्हां आपल्या शेजारच्या परभणी येथील कृषि विद्यापीठांत जांभळे व नेरकर या शास्त्रज्ञांनीं पुसा सावनीचा संकर अबेलमॉस्कस मॅनिहॉट या भाऊबंद जातीशीं केला. आलेल्या संततीचा भेंडीशीं पुन्हां पुन्हां संकर व निवड करून त्यांनीं 'परभणी क्रांति' ही जात सिद्ध केली. १९८५ सालीं ती शेतकऱ्यांच्या हातीं आली. बंगळूर येथील फळबाग संशोधन संस्थेची 'अर्का अनामिका' हिच्यांतहि रानभेंडी टेट्राफायलसचेंच रक्त आहे. बाजारांत मिळणाऱ्या भेंडीस जी रोगाशीं झुंजण्याची ताकद आली, ती अशी रानांतून आली.

या जातींची प्रतिकारशक्ति कालांतरानें अनेक ठिकाणीं उणी पडल्याचेंहि आढळलें आहे. विषाणु बदलतो, माशी बदलते. म्हणूनच नव्या नातलगांची गरज संपलेली नाहीं, आणि बांधावरून व डोंगरउतारावरून रानभेंडी समूळ नाहींशी होऊं देणें म्हणजे पुढच्या पिढीची पेरणीची मूठ रिकामी करणें होय. राष्ट्रीय वनस्पति आनुवंशिक संपदा ब्यूरोचें एक केंद्र अकोला येथें आहे. पिकांच्या अशा नातलगांचें बीं जतन करणें हें त्या ब्यूरोचें कामच आहे. पण कोठींतलें बीं व रानांत दरसाल ऊन, पाऊस व रोग सोसून टिकलेलें बीं यांत अंतर राहणारच.

मग करावें काय?

पहिलें, कपाशी डिसेंबरअखेर संपवावी. फरदड घेऊं नये. पऱ्हाट्या शेतांत किंवा बांधावर न रचतां त्यांचा बारीक चुरा करून खतांत घालाव्या. उन्हाळ्यांत खोल नांगरट करावी व जूनपूर्वीं कपाशी लावूं नये.

दुसरें, देवकापूस तोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची छाटणी करावी, उन्हाळ्यांत त्यावर एकहि किडकें बोंड राहूं देऊं नये, व गळलेलीं बोंडें वेंचून नष्ट करावीं.

तिसरें, चैत्र-वैशाखांत बांध, पाट व विहिरीचा कांठ हिंडून पाहावा. कपाशीच्या किंवा भेंडीच्या शेताला लागून असलेली पेटारी, चिकणा व मालवास्ट्रम् फळें पिकण्यापूर्वीं मुळासकट काढावीं. गाजरगवत तर काढावेंच. पिठ्या ढेकूण असलेलें झुडूप झटकूं नये, शेतांतून ओढीत नेऊं नये आणि पाटाच्या पाण्यांत टाकूं नये. त्याचीं पिलें वाऱ्यानें, पाण्यानें व माणसांच्या कपड्यांवरून पसरतात.

चौथें, काढण्यापूर्वीं भिंगानें पाहावें. तपकिरी, फुगलेले ढेकूण पुष्कळ दिसले तर तें झुडूप आठ-दहा दिवस जागेवरच राहूं द्यावें, म्हणजे मित्रकीटक बाहेर पडतील.

पांचवें, औषधासाठीं बला किंवा अतिबला हवी असेल तर ती पिकापासून दूर, गायरानाच्या किंवा पडीक जमिनीच्या कोपऱ्यांत राखावी. रानभेंडीहि तेथेंच राखावी.

आमच्या यजमानांच्या पेटारीवर शेंड्यापाशीं पांढरें पीठ होतें, आणि भिंगाखालीं त्यांतले निम्म्याहून अधिक ढेकूण तपकिरी व पोकळ झालेले दिसले. आम्हीं भिंग मुलाच्या हातीं दिलें. त्यानें बराच वेळ पाहिलें व म्हटलें, "मग आजच नको काढायला." ठरलें तें असें : पऱ्हाट्यांची विल्हेवाट त्याच आठवड्यांत लावावयाची, पेटारी दहा दिवसांनीं काढावयाची, आणि तिचें बीं आजीच्या काढ्यासाठीं माळावरच्या पडीक तुकड्यांत टाकावयाचें. बापलेकांचें भांडण मिटलें, व दोघांचेंहि म्हणणें राहिलें.

आमच्या सभासदांस विनंति आहे कीं, प्रत्येकानें येत्या पंधरवड्यांत आपल्या एका तरी बांधावर ही पाहणी करावी. ओळख पटत नसेल तर पान, फूल व फळ असलेली फांदी वर्तमानपत्राच्या कागदांत दाबून वाळवावी, गांवाचें नांव, जमिनीचा प्रकार व तारीख लिहावी आणि मंडळाकडे पाठवावी. आम्ही ती ओळखण्याचा प्रयत्न करूं व ज्याचा निर्णय लागेल तें या पानांतून कळवूं.